त्वचेच्या व्रणाकडे धावणाऱ्या पेशी

मानवी शरीराला सभोवतालच्या जगापासून अलग राखणारी पहिली तटबंदी म्हणजे त्वचा. ऊन, वारा, धूळ आणि असंख्य सूक्ष्म जंतू यांच्याशी तिचा अहोरात्र सामना चालू असतो. या तटबंदीला कोठे भगदाड पडले, की शरीरातील संरक्षक पेशी तेथे धावून जातात, ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु रक्ताच्या प्रवाहात वाहत जाणाऱ्या पेशीला संपूर्ण शरीरातील नेमक्या त्या दोन-चार मिलिमीटर जागेचा पत्ता कसा लागतो? रक्तवाहिनीच्या भिंतीतून ती बाहेर कशी पडते? आणि तेथे पोहोचलेली कुमक प्रत्येक वेळी हिताचीच ठरते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना ज्या रोगांनी शास्त्रज्ञांना पुष्कळ काही शिकविले, त्यांमध्ये लीशमॅनिया या परोपजीवीमुळे होणाऱ्या त्वचारोगाचे स्थान फार वरचे आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ते १० लाख लोकांना या त्वचारोगाची नव्याने बाधा होते. अफगाणिस्तान, इराण, इराक, सीरिया, अल्जीरिया, ब्राझील, कोलंबिया आणि पेरू या देशांत त्याचा उपद्रव मोठा आहे. भारतात राजस्थानच्या वाळवंटी भागात, विशेषतः बिकानेरच्या परिसरात तो आढळतो. हिमाचल प्रदेशातील सतलजच्या खोऱ्यातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. या रोगाने सहसा प्राण जात नाहीत. परंतु चेहऱ्यावर, हातावर अथवा पायावर कायमचा वण राहतो. विवाहयोग्य मुलीच्या किंवा लहान बालकाच्या चेहऱ्यावरील असा वण त्या कुटुंबाला किती दुःख देत असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

एक रोग, अनेक नावे

या व्रणाला निरनिराळ्या प्रदेशांनी आपापली नावे दिली. कोठे तो बगदादचा फोड, कोठे अलेप्पोचा फोड, तर कोठे दिल्लीचा फोड म्हणून ओळखला गेला. १८८५ साली कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी दिल्लीच्या फोडातील ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिच्यातील चमत्कारिक सूक्ष्म गोलकांचे वर्णन केले. १८९८ मध्ये ताश्कंद येथे काम करणाऱ्या बोरोव्स्की यांनी हे गोलक म्हणजे एकपेशीय प्राणी असल्याचे ओळखले. पुढे १९०३ साली विल्यम लीशमन आणि मद्रास येथील चार्ल्स डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या रुग्णांच्या प्लीहेत असेच सूक्ष्म जीव सापडल्याचे स्वतंत्रपणे जाहीर केले. रोनाल्ड रॉस यांनी त्या दोघांच्या सन्मानार्थ काळा आजाराच्या परोपजीवीला ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’ हे नाव दिले.

लीशमॅनियाच्या अनेक जाती आहेत. काही जाती त्वचेतच ठाण मांडतात, तर काही प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा गाठून प्राणघातक काळा आजार निर्माण करतात. बिकानेरकडील व्रणांना प्रामुख्याने ‘लीशमॅनिया ट्रॉपिका’ ही जाती कारणीभूत आहे. या सर्व जातींचा प्रसार एकाच प्रकारच्या कीटकामार्फत होतो. तो कीटक म्हणजे सँडफ्लाय अथवा वाळूमाशी.

वाळूमाशीचा दंश

वाळूमाशी अवघी दोन-तीन मिलिमीटर लांबीची, केसाळ व फिकट रंगाची असते. ती डासापेक्षा पुष्कळच लहान असून तिचे उडणे बेडकाच्या उड्यांसारखे तुटक व जमिनीलगत असते. भिंतींच्या भेगा, उंदरांची बिळे, गुरांच्या गोठ्यातील ओलसर व शेणामातीने भरलेली जमीन या तिच्या वास्तव्याच्या व प्रजननाच्या जागा होत. महाराष्ट्राला ही माशी अपरिचित नाही. १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा गावाचे नाव ज्या विषाणूला मिळाले, त्याच्या प्रसाराशीही वाळूमाशीचाच संबंध जोडला जातो.

डासाची मादी आपली सोंड थेट बारीक रक्तवाहिनीत खुपसते. वाळूमाशीची रीत निराळी आहे. तिची सोंड आखूड असते. ती करवतीसारख्या मुखांगांनी त्वचा कापते, तेथील केशवाहिन्या फाडते आणि साचलेल्या रक्ताच्या थेंबावर आपली भूक भागविते. म्हणजेच प्रत्येक दंश ही एक छोटीशी जखमच असते. माशी बाधित असेल, तर या जखमेत तिच्या लाळेबरोबर शेपटासारखी कशाभिका असलेले लांबट परोपजीवी सोडले जातात. लाळेतील द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत व रक्तवाहिन्या रुंदावतात. परोपजीवींनी स्रवलेला एक चिकट पदार्थही त्यांच्यासोबत त्वचेत उतरतो. त्वचेवर वरकरणी केवळ एक लालसर ठिपका दिसतो; परंतु त्याच्या खाली एका मोठ्या घडामोडीला आरंभ झालेला असतो.

वर्दी कशी पोहोचते?

संरक्षक पेशी जखमेकडे धावतात, हे तथ्य मानवाला ज्ञात होऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. १८६७ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम यांनी बेडकाच्या पारदर्शक ऊतींचे निरीक्षण करून श्वेतपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडत असल्याचे दाखविले. १८८२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉव यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा खुपसला आणि काही तासांनी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींनी वेढा घातलेला पाहिला. भक्षकपेशींच्या या शोधाबद्दल त्यांना १९०८ साली पाउल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मात्र पेशींना वर्दी कशी मिळते, याचा उलगडा होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. त्वचेत कायम पहारा देणाऱ्या काही पेशी असतात. दंशाने ऊतींची मोडतोड झाली, की या पहारेकरी पेशी रासायनिक संदेश सोडतात. या संदेशांपैकी पेशींना विशिष्ट दिशेने ओढून आणणाऱ्या लहान प्रथिनांना केमोकाइन असे म्हणतात. जखमेच्या जवळ त्यांचे प्रमाण अधिक आणि दूर जावे तसे कमी असते. फुलाच्या दरवळाच्या रोखाने मधमाशी जावी, त्याप्रमाणे श्वेतपेशी या वाढत्या प्रमाणाचा माग घेत जखमेपर्यंत पोहोचते.

परंतु त्यापूर्वी तिला वेगाने वाहणाऱ्या रक्तातून बाहेर पडावे लागते. हे कार्य टप्प्याटप्प्याने घडते. जखमेजवळच्या सूक्ष्म शिरांच्या आतील अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने उगवतात. वाहत जाणारी श्वेतपेशी त्यांना हलकेच अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि अशा रीतीने अस्तरावरून गडगडत जाऊ लागते. तिचा वेग त्यामुळे मंदावतो. मग अस्तरावर बसलेल्या केमोकाइनचा स्पर्श होताच तिच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन नावाची प्रथिने जागृत होतात व ती भिंतीला घट्ट चिकटते. अखेरीस आपला आकार चपटा करून ती अस्तरातील पेशींच्या मधल्या फटीतून शरीर लवचीकपणे सरकवीत बाहेर पडते. चालत्या आगगाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाने आधी दांडी धरावी, गाडी मंदावल्यावर पायरीवर पाय रोवावा आणि मगच फलाटावर उतरावे, तसाच हा क्रम आहे.

पहिली कुमक आणि शत्रूचा डाव

दंशाच्या जागी प्रथम पोहोचणाऱ्या श्वेतपेशी म्हणजे न्यूट्रोफिल. निरोगी प्रौढाच्या रक्तातील श्वेतपेशींमध्ये त्यांचीच संख्या सर्वाधिक असते. २००८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या कानावर बाधित वाळूमाश्यांचा दंश घडवून, जिवंत त्वचेच्या आत पाहू शकणाऱ्या विशेष सूक्ष्मदर्शकाने पुढील घटनांचे चलच्चित्रण केले. एका तासाच्या आतच न्यूट्रोफिल पेशी दंशाच्या छिद्राभोवती थव्याने गोळा झाल्या आणि परोपजीवींना गिळू लागल्या. पहिल्या काही पेशी मरताना जे संदेश सोडतात, त्यामुळे आणखी पेशी खेचल्या जातात आणि पाहता पाहता तेथे त्यांची दाटी होते.

आतापर्यंतचे वर्णन शरीराच्या विजयाचे वाटेल. प्रत्यक्षात मात्र या प्रयोगातून एक विपरीत गोष्ट उघडकीस आली. ज्या उंदरांच्या शरीरातील न्यूट्रोफिल पेशी आधीच कमी करण्यात आल्या होत्या, त्यांच्यात हा रोग अधिक जोमाने बळावण्याऐवजी परोपजीवींना आपले बस्तान बसविणे कठीण गेले. याचा अर्थ असा, की धावून आलेली पहिली कुमक शत्रूला मारण्याऐवजी त्याला आसरा देत होती. गिळलेले अनेक परोपजीवी न्यूट्रोफिलच्या पोटात जिवंत राहतात. न्यूट्रोफिलचे आयुष्य मुळातच अल्प. ती मरू लागली, की तिचे अवशेष साफ करण्यासाठी महाभक्षी पेशी येते आणि त्या अवशेषांबरोबर परोपजीवीलाही आत घेते. मृत पेशी गिळणे हे तिचे नित्याचे शांततामय काम असल्याने ती त्या वेळी शस्त्र उपसत नाही. किल्ल्यात शिरण्यासाठी वैऱ्याने वैरणीच्या गाडीत दडून बसावे, तसा हा प्रकार होय.

वैऱ्याचे घर: महाभक्षी पेशी

महाभक्षी पेशी ही जंतूंचा कर्दनकाळ म्हणून प्रसिद्ध आहे. तिने गिळलेले बहुतेक जंतू तिच्या आतील पाचक रसांत विरघळून जातात. लीशमॅनियाने मात्र याच पेशीला आपले घर केले आहे. आत शिरताच तो आपली लांब कशाभिका टाकून देतो, गोलसर रूप धारण करतो आणि त्या आम्लयुक्त कोठडीतच द्विभाजनाने वाढू लागतो. कनिंगहॅम आणि लीशमन यांनी पाहिलेले सूक्ष्म गोलक ते हेच.

पुढील एक-दोन दिवसांत रक्तातून मोनोसाइट नावाच्या पेशींची दुसरी कुमक येते. त्वचेत उतरल्यावर या पेशींचे रूपांतर महाभक्षी पेशींत होते. त्यांतील काही परोपजीवींना मारण्यास समर्थ ठरतात. परंतु पुष्कळ पेशी नव्या बिऱ्हाडांसाठी आयती घरेच ठरतात. संख्या वाढते, पेशी फुटतात, बाहेर पडलेले परोपजीवी नव्या पेशींत शिरतात. त्वचेवर या काळात फारसे काही दिसत नाही. हा मूक काळ काही आठवड्यांचा, तर कधी काही महिन्यांचा असू शकतो.

लसीका ग्रंथीतील शिक्षण

याच काळात शरीराची खरी सेना तयार होत असते. त्वचेतील वृक्षाकार पेशी परोपजीवींचे तुकडे उचलतात आणि लसीकावाहिन्यांच्या मार्गाने जवळच्या लसीका ग्रंथीकडे निघतात. हाताला दंश झाला असेल, तर काखेतील आणि पायाला झाला असेल, तर जांघेतील ग्रंथी हे त्यांचे गंतव्यस्थान असते. ग्रंथीत असंख्य टी-लसीकापेशी वास करीत असतात. त्यांपैकी ज्या थोड्या पेशींना परोपजीवीच्या त्या तुकड्याची ओळख पटते, त्या जाग्या होऊन झपाट्याने आपली संख्या वाढवितात.

शिक्षण पूर्ण झालेल्या या पेशींनी आता कोठे जावे? येथे निसर्गाची एक अत्यंत नेटकी व्यवस्था दिसून येते. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर जणू पत्ता लिहिला जातो. आतड्याकडून आलेल्या संदेशाने सिद्ध झालेल्या पेशींवर आतड्याचा, तर त्वचेकडून आलेल्या संदेशाने सिद्ध झालेल्या पेशींवर त्वचेचा. ग्रंथीत थांबवून ठेवणाऱ्या खुणा पुसल्या जातात आणि त्वचेच्या शिरांतील सिलेक्टिनला अडकणारी खूण उमटते. पोस्टाच्या पिन कोडमुळे पत्र योग्य गावी जावे, तशी ही पेशी रक्तप्रवाहातून फिरत फिरत त्वचेत उतरते. मात्र गाव गाठले तरी घर शोधावे लागतेच. त्यासाठी व्रणाच्या जागी निर्माण होणारी विशिष्ट केमोकाइन आणि ती ओळखणारी टी-पेशीवरील ग्राही प्रथिने उपयोगी पडतात. त्यामुळे निरोगी त्वचेत फारशी न थांबता ही सेना थेट रोगग्रस्त जागी एकवटते.

व्रणाच्या जागी पोहोचलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य स्रवतात. हे द्रव्य म्हणजे झोपलेल्या महाभक्षी पेशीला दिलेली जाग होय. जागी झालेली पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते आणि आपल्याच उदरात दडलेल्या परोपजीवींचा नाश करते. विशेष म्हणजे टी-पेशीला प्रत्येक बाधित पेशीची स्वतंत्र भेट घ्यावी लागत नाही. तिच्या स्रावाचा परिणाम शेजारच्या पेशींपर्यंतही पोहोचतो.

टी-पेशींचे सर्वच प्रकार मात्र असे उपकारक नसतात. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी साहाय्यक टी-पेशींचे दोन वेगळे वर्ग असल्याचे दाखविले. त्यानंतर लीशमॅनियावरील प्रयोगांतून स्पष्ट झाले, की उंदरांच्या एका वाणात पहिला वर्ग वरचढ ठरतो व व्रण बरा होतो, तर दुसऱ्या वाणात दुसरा वर्ग वरचढ ठरतो व रोग पसरत जातो. परोपजीवी तोच, मात्रा तीच. फरक केवळ कोणती कुमक पोहोचली याचा.

अति तेथे माती

कुमक जितकी मोठी तितका विजय सोपा, असा समज होणे स्वाभाविक आहे. त्वचेवरील उघडा व्रण मात्र वेगळीच कहाणी सांगतो. हा व्रण मुख्यतः परोपजीवीने कुरतडून पाडलेला नसतो. तो पुष्कळ अंशी शरीराच्या स्वतःच्याच सेनेचा परिणाम असतो.

ब्राझीलमध्ये आढळणाऱ्या ‘लीशमॅनिया ब्राझिलिएन्सिस’ या जातीच्या व्रणांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना असे दिसून आले, की कित्येक मोठ्या व चिघळलेल्या व्रणांत परोपजीवींची संख्या अगदी थोडी असते. उलट तेथे टी-पेशींचा एक मारक वर्ग मोठ्या प्रमाणात जमलेला असतो. या पेशी बाधित पेशींना फोडतात. पण परोपजीवी त्यामुळे मरतोच असे नाही, तो केवळ बाहेर पडतो. पेशी फुटल्याने दाह वाढतो, दाहामुळे आणखी न्यूट्रोफिल व मारक पेशी येतात आणि व्रण रुंदावत जातो. आग विझविण्यास आलेल्या गर्दीनेच घराची कौले उतरवून टाकावीत, तशी अवस्था होते. म्हणूनच अशा रुग्णांत परोपजीवीनाशक औषधाच्या जोडीला दाह आवरणारे औषध देण्याचे प्रयत्न झाले आहेत.

याच्या अगदी उलट स्थितीही पाहावयास मिळते. काही रुग्णांत टी-पेशींची योग्य कुमक येतच नाही. त्यांच्या त्वचेवर व्रण पडत नाहीत. परंतु न दुखणाऱ्या गाठी शरीरभर पसरत जातात आणि प्रत्येक गाठ परोपजीवींनी खच्चून भरलेली असते. हा प्रकार बरा करणे फार कठीण असते. एका टोकाला अतिरेकी सेना आणि थोडे शत्रू, तर दुसऱ्या टोकाला असंख्य शत्रू आणि सेनेचा अभाव. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आरोग्याचा समतोल साधला जातो.

हा समतोल राखण्यासाठी शरीराने आणखी एक योजना केली आहे. व्रणाच्या जागी नियामक टी-पेशीही येतात आणि लढाई आवरती घेण्याचा संदेश देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की या नियामक पेशींमुळे बरे झालेल्या उंदराच्या त्वचेतही थोडे परोपजीवी शिल्लक राहतात. वरवर पाहता ही शरीराची चूक वाटते. परंतु हाच उरलेला अंश प्रतिकारशक्तीला सतत जागृत ठेवतो; परोपजीवींचा समूळ नायनाट झालेल्या उंदरांना पुढे पुन्हा बाधा होऊ शकली.

स्मृती आणि लस

एकदा हा व्रण होऊन गेला, की बहुधा तो पुन्हा होत नाही, ही गोष्ट मध्यपूर्वेतील लोकांनी शेकडो वर्षांपूर्वीच हेरली होती. त्यामुळे मुलाच्या झाकल्या जाणाऱ्या अवयवावर व्रणातील द्रव मुद्दाम टोचण्याची प्रथा तेथे पडली. विसाव्या शतकात सोव्हिएत मध्य आशियात, इस्राएलमध्ये आणि इराणमध्ये जिवंत परोपजीवींची अशी टोचणी मोठ्या प्रमाणावर देण्यात आली. काहींच्या त्वचेवर मोठे व दीर्घकाळ न भरणारे व्रण उद्भवल्याने ती पद्धत बहुतेक ठिकाणी बंद पडली.

या लोकानुभवामागील एक कारण २०१५ साली उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. बरे झाल्यानंतर काही स्मरणशील टी-पेशी रक्तात परत न जाता त्वचेतच स्थायिक होतात. मूळ व्रणापासून दूरच्या त्वचेतही त्या आढळतात. पुन्हा दंश होताच या स्थानिक पेशी तत्काळ केमोकाइनचा संदेश निर्माण करतात आणि रक्तातील टी-पेशींना बोलावून घेतात. मेलेल्या परोपजीवींपासून बनविलेल्या लसी आजवर अपेक्षेप्रमाणे यशस्वी का झाल्या नाहीत, याचा काही अंशी खुलासा यातून होतो. वाळूमाशीच्या दंशाचा वेग इतका, की बाहेरून कुमक येईपर्यंत उशीर झालेला असतो. तटावर आधीच पहारा हवा.

या दृष्टीने एक नवा प्रयत्न उल्लेखनीय आहे. परोपजीवीच्या जनुकसंचातील सेंट्रिन हे जनुक काढून टाकल्यास तो महाभक्षी पेशीच्या आत वाढू शकत नाही. मात्र शरीराला त्याची ओळख पटते. अशा दुर्बल केलेल्या परोपजीवीमुळे प्राणिप्रयोगांत व्रण न पडता संरक्षण मिळाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. अनेक देशांतील शास्त्रज्ञांच्या या कार्यात पुण्यातील एका जैवऔषध उद्योगाचाही सहभाग आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेतही महाभक्षी पेशी आणि लीशमॅनिया यांच्यातील संघर्षावर संशोधन झाले आहे. सर्वसामान्य वापरासाठी मान्यता मिळालेली मानवी लस मात्र अद्याप उपलब्ध नाही.

काळा आजारानंतरचे डाग

पेशींच्या या स्थलांतराचा भारताशी असलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या राज्यांत दिसतो. १९७७ मध्ये उत्तर बिहारात काळा आजाराची मोठी साथ उसळली होती. २००५ साली भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी या रोगाच्या निर्मूलनाचा संकल्प केला. विकास गटाच्या पातळीवर दर १० हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे भारताचे उद्दिष्ट होते. घरोघर कीटकनाशक फवारणी, तत्काळ निदान करणारी चाचणी व एकाच मात्रेत देता येणारे परिणामकारक औषध यांच्या बळावर २०२३ अखेर देशातील प्रादुर्भावग्रस्त विकास गटांनी ही मर्यादा गाठली. बांगलादेशाच्या निर्मूलनावर त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले.

परंतु या यशाला एक दगा संभवतो. भारतीय उपखंडात काळा आजारातून बरे झालेल्या सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांच्या त्वचेवर, बहुधा दोन-तीन वर्षांनी, फिकट डाग, लालसर चट्टे किंवा लहान गाठी उमटतात. प्लीहा व यकृत यांतून हुसकावलेला परोपजीवी त्वचेत दडून राहतो. उपचाराने प्रतिकारशक्ती सावरली, की टी-पेशी त्याच्या मागावर त्वचेत येतात; पण त्यांच्याबरोबर लढाई थोपविणारे संदेशही तेथे प्रबळ असतात. कोलकाता येथील संशोधकांना अशा रुग्णांत इंटरल्यूकिन-१० या दाहरोधक द्रव्याचे वाढलेले प्रमाण आढळले आहे. परिणामी ना पूर्ण विजय, ना पूर्ण पराजय, अशी स्थिती वर्षानुवर्षे टिकते.

या रुग्णाला ताप नसतो, अशक्तपणा नसतो, डाग दुखत वा खाजत नाहीत. तो शेतात राबतो, संसार करतो आणि डॉक्टरकडे जाण्याचे कारण त्याला दिसत नाही. परंतु त्याच्या त्वचेवर पोसलेल्या वाळूमाश्या बाधित होऊ शकतात, हे बांगलादेश व बिहार येथील अभ्यासांत प्रत्यक्ष दिसून आले आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. गावातून काळा आजार नाहीसा झाला असे वाटत असतानाच अशा एखाद्या डागातून तो पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणूनच या त्वचारोगाचा शोध व उपचार हा निर्मूलन मोहिमेचा अविभाज्य भाग ठरला आहे. त्यासाठी दिले जाणारे मिल्टेफोसीन हे तोंडाने घ्यावयाचे औषध बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवावे लागते. स्वतःला आजारी न समजणाऱ्या माणसाला एवढा दीर्घ उपचार पुरा करण्यास प्रवृत्त करणे, हे आरोग्यसेवकाच्या कौशल्याची कसोटी पाहणारे काम आहे.

ओळख आणि दक्षता

हे डाग पुष्कळदा कुष्ठरोगाचे समजले जातात. महाराष्ट्रात कुष्ठरोग परिचयाचा असून काळा आजार प्रायः नसल्याने येथे ही गफलत होण्याचा संभव अधिक. बिहार-झारखंडातून रोजगारासाठी आलेल्या एखाद्या कामगाराच्या अंगावर असे डाग दिसल्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना कमी झालेली असते. काळा आजारानंतरच्या डागावर ती शाबूत असते. दुसरे असे, की त्याला पूर्वी काळा आजार झाला होता काय, हा साधा प्रश्न निदानाची दिशा बदलू शकतो. अंतिम निर्णय अर्थातच त्वचेच्या नमुन्याच्या तपासणीने व्हावयास हवा.

राजस्थानकडील त्वचेच्या व्रणाबाबत असे आढळते, की सुरुवातीस एक लहान पुळी येते, ती हळूहळू वाढते, मधोमध खपली धरते आणि कित्येक महिने भरून येत नाही. सामान्य मलमे किंवा जिवाणूनाशक औषधे यांचा तिच्यावर उपयोग होत नाही. व्रणातच औषधाची सुई टोचणे किंवा नियंत्रित उष्णता देणे असे उपचार उपलब्ध असून बिकानेर येथील डॉक्टरांनी उष्णतेच्या उपचाराचा अवलंब केला आहे. व्रण लहान असतानाच उपचार झाला, तर वणही लहान राहतो. घरगुती उपाय म्हणून व्रणाला डागणे किंवा त्यावर दाहक पदार्थ लावणे मात्र सर्वथा टाळावे. तेथे आधीच अतिरेक करीत असलेल्या पेशींना त्यामुळे आणखी निमंत्रण मिळते आणि वण मोठा होतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. भिंतींच्या भेगा बुजविणे, गोठा कोरडा व स्वच्छ ठेवणे, फवारणीसाठी आलेल्या पथकास घराच्या सर्व खोल्या व गोठा उघडून देणे, संध्याकाळनंतर अंगभर कपडे घालणे आणि बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपणे, एवढ्याने दंशाचा धोका पुष्कळ कमी होतो.

दंशाच्या एका ठिपक्याभोवती शरीर जी हालचाल करते, तिच्यात तत्परता आहे, तशी फसगतही आहे. संरक्षण आहे, तसा अतिरेकही आहे. योग्य पेशी, योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य संख्येने पोहोचणे, यावरच व्रण भरणार की चिघळणार हे ठरते. विज्ञानाला ही वाट जसजशी स्पष्ट दिसू लागली आहे, तसतशी ती हवी तेव्हा खुली करण्याची वा अडविण्याची साधनेही त्याच्या हाती येत आहेत. तोवर न दुखणाऱ्या डागाकडे आणि न भरणाऱ्या पुळीकडे दुर्लक्ष न करता वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे, हाच रुग्णाच्या आणि त्याच्या गावाच्याही हिताचा मार्ग होय.